शिखराअलीकडे

सप्तशृंग गडावर देवीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाची पाठ सगळ्या देखाव्याकडे असते. सुमारे पाचशे पायऱ्या चढून आल्यावर समोर कातळ येतो. त्या उभ्या कड्यातच अठरा हातांची, माणसाच्या उंचीहून मोठी स्वयंभू मूर्ती आहे. मागे मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप अशी सातमाळा डोंगररांग उन्हात पसरलेली असते, पण रांगेत उभ्या असलेल्या कोणाचे तिकडे लक्ष नसते. डोंगर मात्र देवीपाशी संपत नाही. तिच्या डोक्यावर कडा आणखी उंच जातो आणि शिखर त्याच्याही वर आहे. तिथे जायला बांधलेली वाट नाही, पायऱ्या नाहीत, देऊळ नाही. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास आणि नवरात्राच्या अखेरीस दरेगावच्या गवळी-पाटील घराण्यातला मानकरी रात्रीच्या वेळी एकटा वर जातो, कीर्तिध्वज लावतो आणि खाली येतो. सकाळी लाखो लोक खालून तो भगवा पाहून हात जोडतात आणि घरची वाट धरतात. शेकडो किलोमीटर चालून डोंगर चढलेली माणसे माथ्याच्या अलीकडे थांबतात, हीच गोष्ट मला या यात्रेचा गाभा वाटते. डोंगर चढण्यात धर्म नेमका कशात आहे, या जुन्या प्रश्नाचे उत्तरही मला तिच्यातच दिसते.

हा प्रश्न सुरतेत विचारण्यासारखा आहे, कारण सुरतेला डोंगर नाही आणि तरीही तिथून माणसे या गडावर चालत येतात. तापीच्या मुखाजवळचे हे सपाट शहर. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांतले पुष्कळ लोक कापडाच्या धंद्यात आहेत. मागावर मजुरी मीटरवर मिळते, म्हणजे खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. अशा घरांतली माणसे चैत्राच्या उन्हात आठवडाभराच्या मजुरीवर पाणी सोडून पायी निघतात. वघईच्या सागाच्या जंगलातून घाट चढून सापुतारा, पुढे हतगडाच्या पायथ्याने नाशिक जिल्ह्यात, आणि मग नांदुरीहून गड. दोनशे किलोमीटरांहून अधिक चाल. या वाटेला इतिहासही आहे. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांचा आणि त्यांच्या हाताखालच्या गायकवाडांचा गुजरातेत जम बसला तो सुरतेच्या पूर्वेकडच्या सोनगडच्या आधाराने. त्याच दाभाडे घराण्यातल्या उमाबाई सप्तशृंगाच्या पायथ्याजवळच्या अभोण्याच्या माहेरवाशीण. गडाच्या जुन्या पायऱ्या त्यांनी बांधल्या असे परंपरा सांगते. म्हणजे गुजरातेतली सत्ता आणि सप्तशृंगीची भक्ती यांचा संबंध तीनशे वर्षांचा आहे, आणि आज तो मागावरच्या कामगारांनी टिकवून धरला आहे.

एवढे कष्ट कशासाठी? सर्वांत सोपे उत्तर असे की कष्ट हेच मोल आहे. पायाला जितके फोड, तितके पुण्य. हे उत्तर लोकांच्या बोलण्यात सहज येते, पण ते मला खरे वाटत नाही, आणि गीतेलाही ते मान्य नाही. सतराव्या अध्यायात शरीराला पिळून, छळून केलेल्या तपाला स्पष्टपणे तामस म्हटले आहे. जो देह झिजवायचा त्यात वास करणाऱ्या ईश्वरालाच आपण त्रास देतो, असा तिथला रोख आहे. याच गीतेवर विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सुरतेच्या पुष्कळ मराठी घरांचे मूळ ज्या मुलखात आहे, त्याच मुलखात कर्माला भावनेची जोड नसेल तर ते कोरडे ओझे होते हा विचार इतक्या सोप्या मराठीत मांडला गेला. आणि कष्ट पवित्र मानण्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर दिसले. अरुंद, निसरड्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक भाविक गेले. त्या मृत्यूंत पुण्य शोधणे हा मेलेल्यांचा अपमान आहे. वाट अवघड होती म्हणून ती अधिक पवित्र होती असे म्हणण्याची हिंमत तिथे कोणाला होईल?

यावर नवसाचा दाखला दिला जाईल. माणूस देवीशी बोली करतो, मूल होऊ दे, दुखणे जाऊ दे, मी पायी येईन. हा सरळ व्यवहार नाही का? वरवर तसे दिसते. पण नवसाचा क्रम नीट पाहावा. माणूस चालतो ते मागितलेले मिळाल्यानंतर. विकत घ्यायची वस्तू हाती आल्यावर तिची किंमत कोणी न मागता दोनशे किलोमीटर चालत जाऊन चुकवत नाही, विशेषतः घेणेकरी कधी दारात येणार नाही हे माहीत असताना. फेडण्याची ही ओढ कृतज्ञतेची आहे. शिवाय ज्यांचे मागणे पुरे झाले नाही तीही माणसे पुढच्या चैत्रात त्याच जथ्यात असतात. सौदा असता तर ती केव्हाच दुसऱ्या दारी गेली असती. म्हणून गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यावर काही जणांनी जी हळहळ व्यक्त केली, तिच्याशी मी सहमत नाही. गुडघे गेलेली आजी ट्रॉलीने वर गेली म्हणून तिची भेट उणी ठरत नाही. पुण्य पायऱ्यांत साठवलेले असते, तर पायऱ्या बांधणाऱ्यांनीही ते कमीच केले म्हणायला हवे. त्याआधी माणसे धोंड्यांवरून, करवंदीच्या जाळ्यांतून वर जात असतील.

दुसरे उत्तर उंचीचे. डोंगरमाथ्यावर गेल्यावर दृष्टी मोकळी होते, क्षुद्रपणा गळून पडतो, माणूस आकाशाजवळ जातो. आधुनिक मनाला हे उत्तर फार आवडते, आणि त्यात तथ्यही आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर दर पावसाळ्यात जाणाऱ्या मराठी तरुणांना तिथे काहीतरी मिळते, ते नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाला जी श्रद्धेची धार दिली ती खोटी नव्हती. पण देखाव्याचा अनुभव धर्माला पुरत नाही. याचा एक प्रसिद्ध पुरावा युरोपातला आहे. इटालियन कवी पेत्रार्क एप्रिल 1336 मध्ये आपल्या भावाबरोबर दक्षिण फ्रान्समधल्या मों वांतू नावाच्या पर्वतावर चढला, निव्वळ वरून काय दिसते ते पाहायला. माथ्यावर त्याने सोबत नेलेले संत ऑगस्टिनचे आत्मनिवेदन उघडले, तर पर्वतांकडे थक्क होऊन पाहणारी माणसे स्वतःकडे पाहायचे विसरतात अशा अर्थाचा मजकूर नेमका समोर आला. तो स्वतःवरच चिडला आणि उतरताना अवाक्षर बोलला नाही, असे त्याने पत्रात लिहिले आहे. ते पत्र त्याने नंतर घडवून लिहिले असावे असे अनेक अभ्यासक मानतात, पण त्याने काही बिघडत नाही. नजर दूर पोचली म्हणून ती खोल पोचते असे नाही, हे त्या कवीला शिखरावर कळले. सप्तशृंगावर मंदिराच्या रचनेनेच ते सांगून ठेवले आहे. पाहण्यासारखे सगळे पाठीमागे टाकल्याशिवाय तिथे देवीसमोर उभे राहता येत नाही.

सुरतेहून निघणारा रस्ता या दोन वृत्तींमधला फरक दाखवतो. सापुताऱ्याला सूर्योदय पाहायची जागा, सूर्यास्त पाहायची जागा, दरी ओलांडणारा रोपवे असे सगळे आहे, आणि सुट्टीच्या दिवशी सुरतेची कुटुंबे तिथे हौसेने जातात. त्यात गैर काही नाही. डोळ्यांनाही सुट्टी लागते. पण सापुतारा ज्या डांग जिल्ह्यात आहे त्याच डांगात आणि सीमेपलीकडच्या कळवण, सुरगाणा, बागलाण भागांत कोकणा, भिल्ल आणि इतर आदिवासी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत करतात. व्रत घेतलेल्या ‘माउल्या’ उपास पाळतात, पावरीच्या सुरावर रात्र-रात्र नाचतात आणि अखेरीस डोंगराच्या कपारीशी जाऊन पूजा करतात. डोंगरच देव असल्यावर त्याच्यावर चढून उभे राहण्याची कल्पना मनात येतच नाही. कपारीपाशी जायचे आणि परत फिरायचे. मला वाटते सप्तशृंगीच्या यात्रेच्या मुळाशी पुराणातल्या कथेइतकाच हा समजही आहे. मार्कंडेय ऋषी समोरच्या डोंगरावरून सप्तशती म्हणत होते आणि देवी मान कलती करून ऐकत होती, अशी श्रद्धा आहे. तिच्यातही ऋषी देवीच्या डोंगरावर येत नाहीत. मधली दरी तशीच राहते, आणि देवीला त्यांचे म्हणणे तेवढ्यावरूनच ऐकू जाते.

कोणी म्हणेल, महाराष्ट्र-गुजरातेत माथ्यावरची देवस्थाने काय थोडी आहेत? 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईचे देऊळ राज्याच्या सर्वांत उंच ठिकाणी आहे, लोखंडी शिड्या चढून लोक तिथे जातात. साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाच्या पादुका आहेत, गिरनारच्या टोकावर दत्ताच्या. पावागडावर कालिका अगदी वर बसली आहे. मग थांबण्याचा सिद्धांत कुठे उरला? मला तो तिथेही दिसतो, फक्त त्याची जागा बदलते. या सर्व ठिकाणी शेवटची हातभर जमीन माणसाची नाही. तिथे पादुका आहेत, तांदळा आहे, मूर्ती आहे, आणि माणूस पोचतो तो तिच्यापुढे वाकण्यासाठी. साल्हेरच्या पादुकांवर पाय देऊन कोणी उभा राहत नाही. शिखर सर केले असे सांगताना माणूस जिथे पाय रोवतो, तिथेच भाविक डोके टेकतो. सप्तशृंगावर ही शेवटची हातभर जागा वाढून अख्ख्या शिखराएवढी झाली आहे, एवढाच फरक.

जाण्याची ताकद आणि संधी असूनही न जाणे, याला मी यात्रेचे सर्वोच्च कर्म मानतो. असे का, ते सांगायला हवे. माणसाच्या जगण्यातल्या बहुतेक धडपडींना थांबा नसतो. जे मिळवता येते ते मिळवायचे, जिथे पाय पोचतो तिथे मालकी सांगायची, अशी सवय आपल्याला नकळत लागते. सुरतेसारख्या वेगाने वाढणाऱ्या शहरात तर तीच शहाणपणाची व्याख्या होऊन बसते. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात या सवयीवर बोट ठेवले आहे: हे सगळे ईशाचे आहे, तेव्हा हाव सोडून भोगावे. पण असला विचार ऐकून मनात मुरत नाही, तो अंगाने करावा लागतो. आठ दिवस चालून, घाट चढून, पायऱ्या चढून, शिखर डोळ्यांसमोर असताना जो माणूस म्हणतो की माझी वाट इथवर, त्याच्या पायांनी तो विचार एकदा तरी केलेला असतो. इथे कष्टांना त्यांची खरी जागा मिळते. कष्ट हे मोल नाहीत, पण त्यांच्यामुळे थांबण्याला वजन येते. गाडीतून उतरून कड्याखाली थांबणाऱ्याला आपण काही सोडले असे वाटण्याचे कारण नाही. दोनशे किलोमीटर चाललेल्याला ते कळते. आजीची ट्रॉली मला खटकत नाही तीही याचसाठी. तिने थांबणे आयुष्यभर केलेले असते.

जगात इतरत्रही हे शहाणपण दिसते. कैलासावर कोणी चढत नाही, त्याला प्रदक्षिणा घालतात. 25 मे 1955 रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे ब्रिटिश गिर्यारोहक कांचनजंगेच्या माथ्यापर्यंत पोचले आणि अगदी शेवटची काही पावले न टाकता परत फिरले. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र होते आणि ते अस्पर्श ठेवण्याचा शब्द मोहिमेने दिला होता. जगातले तिसऱ्या क्रमांकाचे शिखर प्रथम चढल्याचा मान त्यांना तरीही मिळाला. परक्या धर्माच्या माणसांनी, कोणी पाहत नसताना, तेवढ्या उंचीवर शब्द पाळला, याचा मला फार आदर वाटतो.

आता संतांचा आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. देव सर्वत्र असेल तर सुरतेच्या खोलीतही आहे, मग डोंगर कशाला? आपल्या संतांनी तीर्थांच्या आणि दगडांच्या नादी लागणाऱ्यांना खडसावले आहे. पण तेच संत दर आषाढीला चालत पंढरीला जात होते, आणि त्यांना स्वतःच्या बोलण्याचा विसर पडला होता असे मानणे उद्धटपणाचे ठरेल. देव सर्वत्र आहे हे खरे, पण मी सर्वत्र तसा नसतो. मागाच्या खडखडाटात, हप्त्याच्या काळजीत, भाड्याच्या खोलीत माझे मन जिथे आहे तिथे नसते. चालण्याने देव जवळ येत नाही. आठ दिवस दुसरे काहीच करायचे नसल्यामुळे चालणारा माणूस मात्र एका जागी येतो. संतांचा राग तीर्थाला देवाचे कोठार समजणाऱ्यांवर होता. कड्यापाशी थांबणाऱ्या यात्रेकरूला तो लागू पडत नाही, कारण सगळे आपल्या हाती आले असे तो कधी म्हणतच नाही.

याहून बोचरा आक्षेप याच नाशिक जिल्ह्याच्या इतिहासातून येतो. अलीकडे थांबणे पवित्र, असे ज्यांना शतकानुशतके थांबवले गेले त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणायचे? 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो अनुयायी त्या दारापाशी वर्षानुवर्षे उभे राहिले. दार उघडले नाही, आणि 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या प्रसंगाला वळसा घालून थांबण्याची महती गाणे अप्रामाणिक ठरेल. म्हणून भेद स्पष्ट मांडतो. काळारामाच्या दारात काही माणसे आत होती आणि त्यांनी इतरांना बाहेर ठेवले. तिथे थांबणे सक्तीचे होते आणि थांबवणारा स्वतः थांबत नव्हता. ज्या मर्यादेच्या आत कोणी माणूस आरामात बसला आहे ती मर्यादा देवाची नाही, त्या माणसाची आहे, आणि ती मोडणे हाच धर्म. सप्तशृंगाच्या शिखरावर कोणी बसलेले नाही. तिथे मंत्री जात नाही, देणगीदार जात नाही, पुजारीही जात नाही, आणि देवीपर्यंतची वाट सर्वांना सारखी खुली आहे. मानकऱ्याचा वंशपरंपरेचा मान हा एक अपवाद, आणि वंशपरंपरा मला कुठल्याच गोष्टीत निर्दोष वाटत नाही. पण या मानातून काय मिळते तेही पाहावे. अंधारात जीव धोक्यात घालून वर जायचे, ध्वज लावायचा आणि लगेच उतरायचे. तोही वर राहत नाही. तिथे त्याला मिळतो तो एका रात्रीच्या कामाचा मान.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. शिखर चढायला अवघड, म्हणून लोक थांबले, आणि नाइलाजाला तुम्ही धर्म म्हणता. एके काळी तसे असेलही. आज नाही. सह्याद्रीतले याहून बिकट सुळके दोर लावून चढले गेले आहेत. पावागडावर 1986 पासून रोपवे आहे, गिरनारवर ऑक्टोबर 2020 पासून. मनात आणले तर सप्तशृंगाच्या माथ्यावर काचेचा सज्जा उभारून तिकीट लावणे हे काही वर्षांचे काम आहे. नाइलाज संपल्यावरही जे टिकते त्याला मग धर्म म्हणावेच लागते. आणि म्हणूनच इथून पुढे ते जाणीवपूर्वक टिकवावे लागेल. देवीपर्यंत पोचण्यासाठी जी सोय हवी ती करावी. वृद्धांसाठी ट्रॉली आहेच, पायऱ्यांवर गर्दीचे नीट नियोजन हवे, कारण मांढरदेवी विसरण्याजोगी नाही. पण दोन्ही राज्यांना खर्च करायचाच असेल तर तो आधी वघईपासून नांदुरीपर्यंतच्या पायी वाटेवर करावा. चैत्रात वघई-सापुताऱ्याच्या आणि नांदुरीच्या घाटात ट्रक आणि यात्रेकरू एकाच रस्त्यावर असतात. तिथे वाहनांपासून वेगळी पायवाट हवी, ठरावीक अंतरावर पाणी आणि सावली हवी, बायकांसाठी स्वच्छतागृहे हवीत, फोड आलेल्या पायांसाठी मलमपट्टीची सोय हवी. शिखरासाठी मात्र एक रुपयाही मंजूर करू नये, आणि तशी मागणी आलीच तर तिला विरोध करायला सर्वांत आधी सुरतेहून चालत येणाऱ्यांनी उभे राहावे.